आधी छप्पर, मग सूर्यऊर्जा

२०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य कर्ब-उत्सर्जनाचा संकल्प सोडला. शाळांपुरता त्याचा अर्थ बहुधा छपरावरील सौर पॅनेल एवढाच घेतला जातो. परंतु विदर्भातील जिल्हा परिषदेच्या शाळांचा खरा प्रश्न छपराच्या वर नसून छपराखाली आहे. एप्रिलमध्ये तेथे पारा ४० अंशांपलीकडे जातो. २०२५ साली राज्याने परीक्षांचे वेळापत्रक २५ एप्रिलपर्यंत लांबविले, तेव्हा तेथील शिक्षकांनी केलेली तक्रार निराधार नव्हती.

पत्र्याखाली पंखा लावला तरी तो तापलेली हवाच फिरवितो. उलट, पांढऱ्या रंगाचा हात दिलेले छप्पर बरेचसे ऊन परतवून लावते, समोरासमोरच्या खिडक्या हवा खेळती ठेवतात आणि पश्चिमेचा कडुनिंब भिंत तापू देत नाही. यांपैकी कशाचेही वीजबिल येत नाही. तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचे धोरण आखून सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. महाराष्ट्राने निदान शाळांपुरते तरी तसे करावे. वर्ग आधी थंड झाले, तर उरलेली थोडी वीज सूर्य खुशाल पुरवील. अन्यथा शाळा कागदोपत्री कर्बमुक्त होतील आणि मुले मात्र होरपळतच राहतील.