कानसेनाला विकलेली तार

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने पहिल्या बोनसमधून स्टीरिओ घेतला. शोरूममध्ये मीही सोबत होतो. स्पीकर ठरले, ॲम्प्लिफायर ठरला, कार्ड बाहेर काढलं आणि तेवढ्यात विक्रेता म्हणाला, "सर, बाय-वायर करून घ्या. एवढे चांगले स्पीकर एका वायरवर चालवणार का?" त्याने स्पीकरच्या पाठीमागची पट्टी काढली, एकाऐवजी दोन वायरी जोडल्या, तेच गाणं पुन्हा लावलं. "ऐकलंत? वरचे सूर कसे मोकळे झाले!" भाऊ गप्प. मग ते वाक्य आलं: "कान तयार झाले की कळेल, सर."

भावाने वायर घेतली. ॲम्प्लिफायरच्या निम्म्या किमतीची. माझं भांडण वायरपेक्षा त्या वाक्याशी आहे.

आधी वायरचं बघू. बऱ्याच स्पीकरांना मागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतात. एक खर्जाच्या वूफरसाठी, दुसरी वरच्या सुरांच्या ट्वीटरसाठी. दोन्ही जोड्या धातूच्या पट्टीने जोडलेल्या असतात. पट्टी काढून दोघांना ॲम्प्लिफायरपासून वेगवेगळी वायर टाकली की झालं बाय-वायरिंग. सांगितलं असं जातं की जाडा आवाज आणि बारीक आवाज एकाच तारेत एकमेकांना धक्के देतात.

पण तांब्याच्या तारेत सूर धक्काबुक्की करत नाहीत. ती काही संध्याकाळची विरार लोकल नव्हे. आणि हेच सूर रेकॉर्डिंगमधून एकत्र आले, ॲम्प्लिफायरमधूनही एकत्रच बाहेर पडले. इतका प्रवास गुण्यागोविंदाने केल्यावर शेवटच्या ३ मीटरमध्येच त्यांचा जीव का गुदमरावा?

आकडेही साधे आहेत. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३ मीटर टाकली, तर जाऊन-येऊन ६ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०४ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरसमोर त्यामुळे होणारी घट एका डेसिबलच्या विसाव्या भागाहूनही कमी. आवाजातला फरक सहज जाणवायला साधारण १ डेसिबल लागतो. वायरमुळे जे जातं तेच इतकं, तर दुसरी वायर लावून वाचणार काय? वायर फार लांब आणि फार बारीक असेल तर जाड वायर घ्या. ती इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते.

याच्या पुढची पायरी बाय-ॲम्पिंग. सात चॅनेलच्या रिसीव्हरमधली रिकामी चॅनेल वापरून वूफरला एक आणि ट्वीटरला एक ॲम्प द्यायचा. 'ताकद दुप्पट' असं म्हणतात. पण दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नलच मिळतो, तो विभागणारा क्रॉसओव्हर स्पीकरच्या पोटातच राहतो आणि रिसीव्हरचा पॉवर सप्लाय दोघांत एकच. ताकद खरंच दुप्पट झाली असती, तरी वाढ ३ डेसिबलची. वर त्या नादात पट्टी काढायची राहिली, तर दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना भिडून ॲम्प जळू शकतो.

मग बाय-ॲम्पिंग हे थोतांडच का? नाही. खरं बाय-ॲम्पिंग गणपतीत डीजेच्या भिंतीमागे बघा. तिथे सिग्नल ॲम्पच्या आधीच विभागला जातो. बेसचे ॲम्प वेगळे, टॉपचे वेगळे, आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या वाट्याचा आवाज. रेकॉर्डिंग स्टुडिओतले ॲक्टिव्ह मॉनिटर याच तत्त्वावर चालतात. त्या भिंतीच्या गोंगाटाचं समर्थन मी करणार नाही, पण ज्या साउंडवाल्या पोराला आपण अडाणी समजतो, त्याची जोडणी वातानुकूलित शोरूमपेक्षा बरोबर असते.

फरक हवाच असेल तर तो खोलीत आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. बेस गिटारची 'ए' तार मोकळी छेडली की ५५ हर्ट्झचा सूर निघतो. म्हणजे तेवढा एकच सूर फुगून बाकीच्यांवर बसतो, आणि हा फुगवटा कित्येक डेसिबलचा असू शकतो. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, तुमची खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवा, फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा टाका. हा बदल ऐकायला कुणाचे कान 'तयार' असावे लागत नाहीत.

आता त्या वाक्याकडे येतो. तानसेन नाही झालात तरी कानसेन व्हा, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात एक मोठेपणा आहे. गाता न येणाऱ्यालाही संगीतात मानाची जागा आहे, आणि ती ऐकून ऐकून मिळते. शोरूमने तीच जागा विकायला काढली आहे. फरक ऐकू आला तर वायर घ्या, नाही आला तर कान कच्चे, म्हणून वायर घ्या. पहिल्यांदाच असल्या दुकानात शिरलेल्या, ज्याच्या घरी कधी स्टीरिओ नव्हता अशा मुलाला हे वाक्य बरोबर लागतं. मला ऐकू येत नाही असं म्हणण्यापेक्षा पैसे देणं त्याला सोपं वाटतं. माझ्या भावाला वाटलं.

म्हणून दुकानात एकच मागणी करा. तुमची पाठ स्पीकरकडे, हातात कागद. आवाजाची पातळी तीच ठेवून विक्रेत्याने दहा वेळा गाणं लावायचं, कधी एका वायरवर, कधी दोन. कधी काय होतं ते त्याने लिहायचं, तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही. दहापैकी नऊ जुळले तर खुशाल वायर घ्या. पाच-सहा जुळले तर ते नाणं उडवूनही जुळले असते.

विक्रेता म्हणेल, असं ऐकायचं नसतं. त्याला सांगा, गाणं कानांनीच ऐकायचं असतं. आणि वाचलेल्या पैशांतून डिसेंबरात सवाई गंधर्वचं तिकीट काढा. कान तिथे तयार होतात.