नाव नसलेल्या डोंगरांसाठी चालायला या

हिंगोलीकडे डोंगर चढायला चला म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे आधी हसतात आणि मग विचारतात, "तिकडे डोंगर आहेत?" आहेत. अजिंठ्याच्या रांगेचे शेवटचे फाटे पैनगंगा आणि पूर्णेच्या मधल्या पट्ट्यात उतरत येतात आणि सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत विखरून पडतात. त्यांना सुळके नाहीत, कडे नाहीत. गड तर नाहीच नाही. बहुतेकांचे माथे सपाट, अंगावर काळा दगड आणि वाळलं गवत. कित्येकांना धड नावही नाही. गावकरी 'वरचा डोंगर', 'पलीकडचा माळ' म्हणतात आणि तेवढ्यावर काम भागतं.

या बिननावाच्या डोंगरांसाठी हे लिहितो आहे. कारण ते पायथ्याकडून कमी होत चालले आहेत, आणि ते कमी होताना पाहायला तिथे कोणी जात नाही.

पिंपळदरी, राजदरी, आमदरी, सोनवाडी ही औंढा नागनाथ तालुक्यातली छोटी गावं. आंध आदिवासी, बंजारा आणि इतर शेतकरी यांची ही वस्ती. अशा कुठल्याही गावातून भल्या पहाटे भाकरी बांधून निघालं तर दिवसभरात तीन-चार माथे होतात आणि दिवेलागणीला परत गावात येता येतं. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यांत चांगले. गवत कमरेला लागतं आणि कुसळं धोतराला, पायजम्याला सोडत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून ती एकेक उपसणं हा या चालण्याचाच उरलेला भाग समजावा. खाली साग आणि पळस, मध्ये धावडा आणि सालई, वर उघड्या माथ्यावर बोरी आणि सीताफळाची झुडपं. डोळे उघडलेलं सीताफळ तोडायचं, मिटलेल्या डोळ्यांचं सोडायचं, हे शेळ्यांमागचं दहा वर्षांचं पोरही तुम्हाला ऐकवतं. पायाजवळून लाव्यांची जोडी भुर्रकन उडते आणि दचकायला होतं. रोही लांबूनच मान वर करून बघतो आणि चालू लागतो. चढण फार नाही. पण एक माथा संपला की खिंड, खिंडीतून उतरलं की पुन्हा चढ. गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात. वरून खाली पाहावं तर सोयाबीन निघालेली काळी वावरं आणि त्यांच्यामध्ये हळदीचे हिरवे पट्टे.

आणि मग एखाद्या वळणावर वाट तुटते. समोर डोंगर नसतोच, असते उभी कापलेली भिंत.

त्या भिंतीसमोर जरा उभं राहून बघा. वर वीतभर काळपट माती, तिच्यातून गवताची मुळं उघडी लोंबकळतात. खाली पिवळट-तांबूस मुरूम, चिमटीत धरला की भुगा होणारा. त्याच्याखाली गोल धोंडे, ज्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटून येतात. मध्येच गारगोटीचा पांढरा डोळा चमकतो. आणि या सगळ्यावर पोकलेनच्या दातांचे ओरखडे, एकमेकांना समांतर, वरपासून खालपर्यंत. तळाशी हायवाच्या चाकांच्या चाकोऱ्या. त्यात पावसाचं पाणी साचलं की म्हशी बसतात.

तो पिवळा मुरूम म्हणजे आपल्या भागाची पाण्याची टाकी आहे, हे नीट समजून घ्यायला हवं. मराठवाड्याचा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. अखंड काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही. ते शिरतं वरच्या झिजलेल्या, भुसभुशीत थरात आणि दगडाच्या भेगांत. डोंगरावर पडलेला पाऊस या थरात मुरतो, हळूहळू खाली झिरपतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत पायथ्याच्या विहिरींना पुरतो. हा थर उचलून रस्त्यावर टाकला की उरलेल्या कातळावरून पाणी तासाभरात ओढ्यात आणि ओढ्यातून कयाधू नदीत. नंतर आपणच टँकरची मागणी करतो. मुरूम काढला तिथे पुन्हा मुरूम व्हायला किती पावसाळे लागतात याचा हिशेब माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

आता एक कबुली आधीच देऊन टाकू. मुरूम आपल्या सगळ्यांच्याच घराच्या पायात आहे. घरकुलाला लागतो, शेतरस्त्याला लागतो, शाळेच्या मैदानाला लागतो. कोणी बैलगाडीभर किंवा ट्रॅक्टरभर नेला म्हणून डोंगर बसत नाही. डोंगर बसतो तो रात्री दिवे न लावता धावणाऱ्या हायवांच्या रांगांनी. आणि ही मागणी पुढे वाढणारच आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत हिंगोली जिल्हा आहे, औंढ्याचं ज्योतिर्लिंग त्या महामार्गाने जोडायचं आहे. महामार्ग व्हावा की न व्हावा यावर शेतकऱ्यांचं आणि सरकारचं जे भांडण चालू आहे ते जमिनीचं आहे, आणि ते योग्य जागी चालू आहे. पण भराव टाकायला मुरूम कुठून येणार, हा प्रश्न त्या भांडणात कोणी विचारलेला मी तरी ऐकला नाही. नागनाथाला जाणारा रस्ता नागनाथाच्याच डोंगरांतून खणून काढायचा का?

सह्याद्रीतला डोंगर गडामुळे वाचतो. गडावर शिवरायांचं नाव असतं, तिथे जेसीबी लागला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. जिथे देव आहे तिथेही माणूस जरा दबकतो. आपल्याकडे औंढ्याच्या हेमाडपंती देवळाला ते कवच आहे. यादवकाळातलं देऊळ, पुढे अहिल्याबाई होळकरांनी हात लावून उभं केलेलं, आणि नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही कथा पोराबाळांना पाठ. पण देवळामागच्या रांगेत जो डोंगर उभा आहे त्याला ना देव, ना गड, ना कोणी इतिहासकार. महसुलाच्या कागदावर तो 'पोटखराब' किंवा गायरान. कागदानेच खराब ठरवलेली जागा खणताना कोणाचा हात थरथरेल?

अशा डोंगराला वाचवणारी एकच गोष्ट माझ्या पाहण्यात आहे, ती म्हणजे त्याच्यावरची चालती वाट. जिथून गुराखी रोज जातो, बाया सरपणाला जातात, शाळेची पोरं रविवारी बोरं खायला जातात, तिथे रात्रीतून शंभर ब्रास मुरूम गायब झाला तर सकाळी बोभाटा होतो. जिथली वाट मोडली, रेंगण्या-बाभळींनी बुजली, तिथे डोंगर निम्मा गेल्यावर गावाला पत्ता लागतो. गुरं कमी झाली, सरपणाऐवजी सिलिंडर आला, हे चांगलंच झालं. पण त्यासोबत डोंगरावर रोज पडणारी नजरही गेली. ती नजर आता मुद्दाम परत न्यावी लागेल.

चालण्याचं आपल्याला वावडं नाही. शेगावची पालखी दरवर्षी सेनगाव, औंढा, जवळा बाजार करत पंढरपूरकडे जाते, तेव्हा तिच्यामागे चालणारे आपणच असतो. नरसीचे नामदेव तर पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. हजारभर मैल चाललेल्या त्या माणसाच्या जिल्ह्यात घरामागच्या टेकडीवर कोणी चढत नाही, ही काही शोभणारी गोष्ट नव्हे.

वाट नुसती चालून भागणार नाही, ती कागदावरही हवी. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो. त्यात एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग म्हणजे सव्वाआठ फूट रुंदीची हक्काची वाट, आणि दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. तो नकाशा हातात घेऊन डोंगरावर चढा आणि पाहा कुठली रेषा अजून पायाखाली आहे आणि कुठली खड्ड्यात गेली. अडवलेल्या वाटेसाठी १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. बेकायदा मुरूम उपशासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ आहे. त्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाडी जप्त करण्याची तरतूद आहे. कायदा लंगडा नाही. त्याला जागा, तारीख आणि फोटो पुरवणारं माणूस लागतं.

याच्याही पुढे जाता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखादी जागा 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून जाहीर करू शकतं. गडचिरोलीतलं अल्लापल्लीचं जंगल, जळगावची लांडोरखोरी, पुण्याची गणेशखिंड बाग, आंबोलीतला हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा माशांचा अधिवास ही अशी जाहीर झालेली ठिकाणं. लांडोरखोरी काही हिमालय नव्हे, शहराच्या अंगालाच असलेलं वन आहे. मग औंढा-कळमनुरीच्या डोंगरांचा एखादा सलग पट्टा का नको? त्यासाठी ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकांनी भरलेली नोंदवही लागते. समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असतेच. तिला एकदा डोंगरावर नेऊन आणा. कुठली झाडं, कुठले पक्षी, कुठलं औषध कशाला, हे आंध म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या, आणि त्यांनी सांगितलं म्हणून लिहा. जिथे सामूहिक वनहक्काचे दावे आहेत तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल, पाणलोट आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. जे आधीपासून डोंगराच्या आधाराने जगतात त्यांना बाहेर काढून डोंगर वाचवायचा, असली भाषा या कामात कोणी आणू नये. शेळी चरते म्हणून आरडाओरडा आणि खदान चालते तिकडे कानाडोळा, हा न्याय आपण बराच काळ पाहिला.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांत लेसरने मोजायचा तो थरथराट प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही हजारो पटींनी लहान. अशा यंत्राला सगळ्यांत आधी लागते शांतता. ट्रकची धडधड, खदानीतला सुरुंग, सगळं तिथे अडथळा. जगातल्या शास्त्रज्ञांना आपल्या माळरानातलं जे मोलाचं वाटलं ते हे, आणि आपण ते पोकलेनच्या भाड्याच्या दराने विकतो आहोत. वसमतकडे पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीतून येणारे आवाज ओळखीचे आहेत. १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला तेव्हा अख्खा जिल्हा घराबाहेर होता. तेव्हापासून कुठे सुरुंग उडाला तरी बाया पोरं घेऊन अंगणात येतात. पायाखालची जमीन स्वतःहून हलते ती आपल्या हातात नाही. सुरुंग मात्र आहे.

एक धोकाही सांगतो. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून कळसूबाईला वाट जाते. १,६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर, एका दिवसात होणारं. बारीत त्यामुळे चार घरांना जेवणाचा, चहाचा धंदा मिळाला, चांगली गोष्ट. पण सुट्टीच्या दिवशी लोखंडी शिड्यांवर रांगा लागतात आणि माथ्यावर वेफर्सची पाकिटं उडतात. आपल्याला तसली झुंबड नको. डोंगरावर रील करायला येणाऱ्या शंभर जणांपेक्षा दर महिन्याला येणारे पंधरा जण बरे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्यांना रोज जाता येतं अशा गुराख्यांना आणि तरुणांना वन विभागासोबत जाळरेषा काढायच्या कामाला जोडलं तर आणखी बरं. मोहाखालचा पाला पेटवला आणि वारा फिरला की अर्धी रांग काळी होते, आणि पहिल्या पावसात उघडी माती खाली वाहून येते.

आता काय करायचं ते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपापल्या गावामागचा डोंगर चढायचा. शाळेच्या गुरुजींनी पोरं आणावीत, बचत गटातल्या ताईंनी यावं, पुण्या-नांदेडला नोकरीला असलेल्यांनी दिवाळीला आले की एक दिवस द्यावा. कापलेली जागा दिसली की फोटो, तारीख आणि गट नंबर लिहून ठेवा. एकट्याने कोणाच्याही गाडीसमोर उभं राहू नका, भांडण अंगावर घेऊ नका. चौघांनी मिळून लेखी तक्रार तलाठी आणि तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्या. पोच नसलेली तक्रार म्हणजे गप्पा.

आणि १ मे ची ग्रामसभा चुकवू नका. १९९९ साली याच तारखेला परभणीतून आपला जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्या दिवशी झेंडे, भाषणं सगळीकडे असतातच. त्याच सभेत हा ठराव मांडा: गावच्या हद्दीतल्या डोंगरावरचे सर्व पायमार्ग मोजून खुणा कराव्यात, गायरान आणि डोंगरउतारावर ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय गौण खनिजाचा परवाना देऊ नये अशी जिल्हाधिकाऱ्यांना विनंती करावी, आणि वारसा स्थळाचा प्रस्ताव जैवविविधता समितीने सहा महिन्यांत तयार करावा. सूचक आणि अनुमोदक दोघंही आधी ठरवून ठेवा. ठरावाचा क्रमांक इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत सभागृह सोडू नका. प्रत हातात आली की शेजारच्या गावाला द्या.

पहिल्या रविवारी येताना दोन लिटर पाणी, डोक्याला रुमाल, पायात बूट आणि गावाचा नकाशा. भाकरी जरा जास्त बांधा, वर गेल्यावर गुराखी भेटतो.