तीन जानेवारीची भाषणं

तीन जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती, जवळ आली की शाळाशाळांत त्यांच्यावरची भाषणं लिहून दिली जातात. कुठे बाई लिहून देतात, कुठे आई, तर कुठे मोबाइलवरून उतरवून घेतलं जातं. नायगावचा जन्म, १८४८ची भिडे वाड्यातली शाळा, अंगावर झेललेलं शेण, १८९७ची प्लेगची साथ आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’. पण पाचवीपासून सातवीपर्यंतची सगळी मुलं ओळीने तेच म्हणू लागली, की ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं आणि बोलणाऱ्याच्या मनातही काही उरत नाही.

आमचं आग्रहाचं सांगणं आहे, मुलांना अख्खं चरित्र देऊ नका. एक प्रसंग द्या.

सावित्रीबाईंचं २९ ऑगस्ट १८६८चं पत्र घ्या. त्या तेव्हा नायगावला माहेरी होत्या. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम गावाला कळलं आणि गाव दोघांना मारायला उठलं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवून त्यांनी जमावाला थोपवलं आणि दोघांचा जीव वाचवला. हे सारं त्यांनीच या पत्रातून पती जोतीरावांना कळवलं आहे. सातवीच्या वर्गात हा प्रसंग सांगा आणि मग विचारा: एवढ्या गावात धावून जावंसं त्यांनाच का वाटलं? त्यांना भीती वाटली नसेल का? तू तिथे असतीस तर काय केलं असतंस? उत्तरं मुलांनाच वहीत लिहू द्या. त्या आठ-दहा ओबडधोबड ओळींतच भाषण आहे. सालं आणि नावं आपण तपासावीत, क्रम लावायला मदत करावी. मुलाची वाक्यं मात्र पुसू नयेत.

वेळ मिळत नाही, ही दोन शिक्षकी शाळेची अडचण खरी आहे. मग पंधरा भाषणं कशाला? चारच होऊ द्या.

सादरीकरणात सगळ्यात जास्त घात पाठांतराने होतो. एक शब्द निसटला की मूल गप्प होतं, डोळे भरून येतात आणि पुढच्या वर्षी ते नाव देत नाही. हातात चार-पाच शब्दांची चिठ्ठी असू द्या. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने तीच बोली मंचावर आणली तर त्याला टोकू नका. आणि स्पर्धेचे परीक्षक असाल, तर चढा आवाज आणि बसवलेले हातवारे यांना गुण देणं थांबवा. मुलाने स्वतः काय शोधलं, ते पाहा.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया’त हे पत्र आणि त्यांची इतर पत्रंही आहेत. यंदा मुलांच्या हाती कागद देण्याआधी आपण स्वतः ती वाचावीत, एवढी विनंती.