'हग', मिठी आणि क्षेम : एका अर्थसंकोचाचा विचार

परभाषेतून एखादा शब्द आला की त्या अर्थाचा शब्द स्वभाषेत नसावा, असा निष्कर्ष आपण सहज काढतो. 'हग' या इंग्रजी शब्दाच्या बाबतीत हा निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे. बीडसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयीन मुलामुलींच्या बोलण्यातही आता 'हग केलं', 'हग दिला' अशी रूपे ऐकू येतात. १२ फेब्रुवारीचा 'हग डे' मराठी वृत्तपत्रांना परका राहिलेला नाही. या शब्दाचा उच्चार मराठीतील एका ग्राम्य, मलविसर्जनवाचक धातूशी तंतोतंत जुळतो. असे उच्चारसाम्य एरवी परक्या शब्दाच्या वाटेतली धोंड ठरते. ती ओलांडूनही हा शब्द रुळत असेल, तर त्यामागे केवळ अनुकरणाची हौस नसून काही भाषिक निकड असली पाहिजे.

मराठीत या अर्थाच्या शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. दोन्ही बाहूंच्या वेढ्यात मावेल तो अवकाश म्हणजे 'कव'. कवेत घेणे, कवळणे ही रूपे याच कुळातली, आणि कवेत मावेल तेवढ्या गवताला वा कडब्याला शेतकरी 'कवळी' म्हणतो. इंग्रजीतील 'एम्ब्रेस' या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील बाहुवाचक शब्दच आहे. याखेरीज उराउरी भेटणे, गळ्यात पडणे, पोटाशी धरणे, कुशीत घेणे असे प्रयोग आहेतच. या प्रयोगांत शरीराचे अवयव बदलतात आणि त्यांबरोबर नातेही बदलते. पोटाशी धरायचे ते लेकराला. कुशीत शिरायचे ते आईच्या. 'कूस' हा शब्द संस्कृत 'कुक्षि'पासून आलेला असून गर्भाशय हाही त्याचा अर्थ आहे. उराउरी भेटतात ते बरोबरीचे. माहेरी आलेली लेक वा दुःखाच्या प्रसंगी जमलेल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडतात. थोडक्यात, कोणी कोणाला कोणत्या नात्याने जवळ करावे, याचा एक आराखडाच या शब्दसमूहात दडलेला आहे.

अडचण येथेच उद्भवते. वर्गातील मैत्रिणीला परीक्षेत यश मिळाले, मित्राचे वडील वारले, अशा प्रसंगी या आराखड्यातील कोणता शब्द वापरावा? 'आलिंगन' हा शब्द संस्कृत शृंगारकाव्याने आणि कामशास्त्राने असा व्यापला आहे की तो बोलण्यात आला तर ऐकणारे हसतील. 'मिठी' हा शब्द मुळात व्यापक. लेकराची मिठी असते तशी मगरमिठीही असते, आणि १६५९ मधील प्रतापगडच्या भेटीत तिची घातक बाजूही मराठी मनाने पाहिली आहे. परंतु चित्रपटगीते आणि भावगीते यांच्या सततच्या वापराने तरुण स्त्रीपुरुषांच्या संदर्भात ती प्रणयापुरती संकोचली. उरलेली निःसंग, मैत्रीची, सांत्वनाची जागा रिकामी राहिली. २००३ च्या 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.'मधील 'झप्पी' आणि इंग्रजीतील 'हग' हे दोन्ही शब्द त्याच जागेत येऊन बसले. वय, लिंग, जात यांपैकी कशाचीही पृच्छा हा नवा शब्द करीत नाही. त्याचे आकर्षण प्रामुख्याने यात आहे, असे आम्हांस वाटते.

आता या शब्दाच्या कुळाकडे पाहू. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळू लागतो. त्याची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. तथापि प्राचीन नॉर्स भाषेतील 'हुग्गा', म्हणजे सांत्वन करणे, धीर देणे, या क्रियापदाशी त्याचे नाते असावे, हे मत बहुधा पुढे ठेवले जाते. हे मत ग्राह्य धरले, तर 'हग'च्या मुळाशी बाहूही नाहीत आणि गळाही नाही. तेथे समोरच्याच्या मनाचे स्वास्थ्य आहे.

नेमकी हीच कल्पना जुन्या मराठीत होती. 'क्षेम' म्हणजे कुशल, सुरक्षितता. 'योगक्षेम', 'क्षेमकुशल' यांत तो अर्थ आजही टिकून आहे. परंतु प्राचीन मराठीत 'क्षेम देणे' म्हणजे मिठी मारणे, आणि त्याचेच तद्भव रूप 'खेंव'. लीळाचरित्रात भेटीच्या प्रसंगी 'क्षेमालिंगन' हा शब्द वारंवार येतो. संतांच्या अभंगांतही 'क्षेम' या अर्थाने आढळते. ज्या गोदावरीने आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा आखली आहे, तिच्याच खोऱ्यात ही भाषा नांदली. भेटणारा समोरच्याचे क्षेम चिंतितो, म्हणून त्या कृतीलाच क्षेम म्हटले गेले, अशी संगती लावता येते. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांनी एकच मानवी कृती एकाच भावनेवरून ओळखावी, हे लक्षणीय आहे.

मात्र या शब्दाचा गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवाने चोखोबांना जवळ केल्याच्या कथा आपण भक्तीने सांगितल्या, पण त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेरच राहिली; अस्पृश्य मानलेल्यांना त्या मंदिराचे दार उघडण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. ग्रंथांत 'क्षेम' होते आणि व्यवहारात विटाळ होता. ज्या समाजात स्पर्शच वाटून दिलेला असतो, तेथे सर्वांसाठी एकच शब्द वाढणे कठीण असते. म्हणून 'हग' वापरणाऱ्या मुलांना भाषाद्रोही ठरविण्यापूर्वी, आपण त्यांच्या हाती कोणता समावेशक शब्द दिला होता, याचा विचार व्हावा.

असा शब्द मराठीत घडू शकतो, याचा पुरावाही उपलब्ध आहे. महाराष्ट्रातील कारागृहांत बंद्यांची त्यांच्या लहान मुलांशी प्रत्यक्ष भेट घडविण्याचा उपक्रम झाला, त्याला 'गळाभेट' हे नाव देण्यात आले. ईदच्या शुभेच्छांसाठीही हाच शब्द प्रचलित आहे. त्यात शृंगार नाही आणि संकोचही नाही.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे चीज प्राचीन शब्दांच्या याद्या पुन्हा छापून होणार नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांतील नोंदी आजच्या बोलींशी ताडून पाहणे आवश्यक आहे. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारे आईबाप कित्येकदा लेकरांना आजीजवळ ठेवून जातात आणि हंगाम सरल्यावर परततात. त्या भेटीला ती आजी कोणता शब्द वापरते आणि शाळेत जाणारे ते लेकरू कोणता, हे कोणी टिपून ठेवले आहे काय? मराठी विभागांतील संशोधक विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. 'हग' राहील किंवा जाईल. परंतु आजीजवळचा शब्द मात्र तिच्यानंतर कोणत्याही कोशात शोधून सापडणार नाही.