खिशातला चाकू

गेल्या दिवाळीला या सदरात मी छत्रीविषयी लिहिले आणि पुढे महिनाभर घरी पत्रे येत राहिली. त्यांतले एक ठाण्याच्या एका वाचकभगिनींचे होते. छत्रीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांनी विचारले होते, “आमच्या यजमानांना खिशात बाळगायला एक मिटणारा चाकू हवा आहे. दुकानात शंभर रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे चाकू दिसतात. मला तर या वस्तूची भीतीच वाटते. घ्यावा का? आणि घ्यायचाच तर कोणता?”

पत्र साधे होते, पण उत्तर लिहायला मला वर्ष लागले. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी व्यवहाराचे बोलू. खिशात चाकू कशाला हवा, असे विचारणाऱ्याने एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मी बसलो. सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा. मग पेन्सिलीला टोक. दुपारी कुरियरवाला खोके टाकून गेला. त्यावर इतकी चिकटपट्टी, की आत हिरे असावेत असे वाटावे. निघाली उशीची अभ्रे. संध्याकाळी नव्या सदऱ्याच्या गळ्यातली चिठ्ठी, फुलांच्या पुडीचा दोरा आणि औषधाच्या बाटलीचे झाकण, जे उघडायला दात लावल्याबद्दल दंतवैद्यांनी मला पूर्वी एकदा झापले आहे. दिवसभरात कापलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे एक पेरू. आता सांगा, पेरू कापायला केवढे पाते लागते? अडीच-तीन इंच पुष्कळ झाले.

पण दुकानात गेले, की माणसाच्या अंगात शिवकाल संचारतो. भले दांडगे पाते, काळी मूठ, पाठीला करवतीचे दात! असले धूड आठ दिवस खिशात राहते, धोतर-लेंग्याची नाहीतर पँटीची शिवण उसवते आणि नवव्या दिवशी कपाटात जाते. कपाटातल्या चाकूने आजवर कोणाचेही खोके फुटलेले नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही, की चाकू आपण काय कापतो ते पाहून घ्यावा; काय कापावेसे वाटते ते पाहून घेऊ नये.

लांब पात्याची हौस थोडी सिनेमाने लावली आहे. १९६५ च्या ‘वक्त’ चित्रपटात राजकुमारांच्या तोंडी चाकूवरचे वाक्य आले आणि ते घरोघरी पोचले. रामपूरचा चाकू तर आधीपासूनच नावाजलेला. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणली आणि तिथल्या कारागिरांच्या हातचे काम गेले. पुढे २०२३ साली त्याच गावातल्या एका चौकात वीस फुटांचा चाकू उभारण्यात आला. शोभेला तो ठीक आहे. आपल्याला पेरू कापायचा आहे.

कायद्याचेही ध्यानात असू द्यावे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या नियमांत येतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आपला तीन इंची चाकू त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे आहे. पण सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे मनाई हुकूम निघतात, त्या दिवसांत आणि सभा-मिरवणुकीला जाताना चाकू घरी ठेवावा. बटण दाबताच पाते उसळणारा खटक्याचा चाकू मात्र केव्हाच घेऊ नये. सज्जनाला त्याची गरज नाही, आणि पोलिसाला तुमचा सज्जनपणा खिशाबाहेरून दिसत नाही. विमानाने जायचे तर चाकू सामानात द्यायच्या पेटीत घालावा. हातातल्या पिशवीत राहिला, की तो गेलाच म्हणून समजा.

आता ते वर्षभर राहिलेले कारण सांगतो.

माझ्या वडिलांच्या खिशात एक चाकू असे. हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा. पात्यावर चांदणी आणि क्रूस अशी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांची खूण होती. या चाकूने त्यांनी लहानपणी बोरू छाटले, पुढे आमच्या पेन्सिली केल्या. दर रविवारी दाढी आटोपली, की ते कुरुंदाचा दगड पाण्याने ओला करून चाकूला धार लावत. इतक्या वर्षांच्या घासण्याने मोठे पाते निम्मे झाले होते. वडील गेल्यावर चाकू माझ्याकडे आला, दगडही आला. चाकू मी कपाटात ठेवला. दगडावर सौ. ओट्याशी गरम पातेले टेकवू लागल्या.

१९९६ सालची दिवाळी. चिरंजीव अकरा वर्षांचे होते. घरी आकाशकंदील करायचा, म्हणून बुरूडआळीतून कामट्या आणल्या होत्या. वडिलांचा चाकू मुलाच्या हाती कसा द्यावा, तो किमती, म्हणून मी जत्रेत एक चकचकीत चाकू घेतला होता तो त्याला दिला. पात्याचा खिळा सैल होता हे मला दिसत होते. धार नव्हती हेही माहीत होते. मी मनाशी म्हटले, बोथट आहे तेच बरे, लागणार नाही.

वाचकहो, आयुष्यात मी पुष्कळ चुकीचे बोललो आहे, पण याहून चुकीचे काही बोललो असेन असे वाटत नाही. धारदार चाकू हलक्या हाताने चालतो. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात सुटला, की कुठे जाईल याचा नेम नसतो. कामटीला दोरा ओवायचे भोक पाडायला मुलाने टोक टेकवून दाबले. कामटी हटली नाही. पाते मात्र उलटे मिटले, ते मुठीभोवतीच्या त्याच्या तर्जनीवर. रक्त थांबले, टाके पडले. पण बोट मिटवणारी दोरीसारखी नस, डॉक्टर तिला कंडरा म्हणाले, ती तुटली होती. शस्त्रक्रिया झाली. तरी ते बोट आजही पुरते मिटत नाही. त्या आधी तीन वर्षे तो तबला शिकत होता. उजव्या हाताची तर्जनी गेल्यावर तबल्यात काय उरते? गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, मग येईनासे झाले.

सौ. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. जत्रेतला चाकू त्यांनी भंगारवाल्याला दिला, वडिलांचा चाकू आपल्या कपाटात कुलपात ठेवला, आणि त्या वर्षापासून आमच्याकडे कंदील बाजारातून येऊ लागला.

म्हणून ठाण्याच्या भगिनींची भीती मला पुरती समजते. पण चूक चाकूची नव्हती, निवडणाऱ्याची होती. ती कशी, ते ऐकावे.

मिटणारे चाकू मुख्यतः दोन जातींचे. एका जातीत पाते नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभे राहते. पाठीकडून जोर आला, की ते मिटते. स्वित्झर्लंडचा लाल चाकू याच जातीचा. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८९१ साली आपल्या सैन्याला शिपायांचे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. आईच्या व्हिक्टोरिया या नावाला न गंजणाऱ्या पोलादाचे ‘इनॉक्स’ जोडून पुढे ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. यात भोक पाडायला वेगळी आरी असते, तेव्हा पात्याचे टोक खुपसायचे कारणच पडत नाही. त्यातला सर्वांत छोटा, ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो. चिमुकले पाते, कात्री, कानस, चिमटा आणि दातकोरणे. ज्यांना फक्त दोरे आणि पाकिटे कापायची आहेत त्यांनी हाच घ्यावा. कात्रीचा उपयोग पात्याहून जास्त होतो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या जातीत उघडलेल्या पात्याला अडसर असतो. कुठे मुठीतली पातळ पट्टी पात्यामागे येऊन बसते, कुठे पाठीवरची खिट्टी अडकते. मला सर्वांत सोपा वाटतो तो फ्रान्सच्या सावोआ प्रांतातला ओपिनेल. १८९० साली जोसेफ ओपिनेल यांनी तो काढला; लाकडाची मूठ, एक पाते, बस्स. १९५५ साली त्यावर फिरते कडे बसले. पाते उघडायचे, कडे फिरवायचे. मग ते कडे परत फिरवल्याशिवाय पाते मिटत नाही. जोर लावायची कामे असतील तर अडसराचाच चाकू घ्यावा. मात्र अडसर आहे म्हणून बेफिकीर होऊ नये, आणि चाकूने झाकणे उचकटू नयेत, स्क्रू फिरवू नयेत, सुपारी फोडू नये. तिच्यासाठी आपल्याकडे अडकित्ता आहे.

पोलादही दोन तऱ्हेचे. साधे पोलाद दगडावर लवकर धार घेते, पण कैरी-लिंबू कापले की काळे पडते, आणि आपल्या पावसाळ्यात पुसून तेलाचे बोट फिरवले नाही तर गंजते. न गंजणारे पोलाद धार घ्यायला थोडा वेळ खाते, पण विसरभोळ्या माणसाला माफ करते. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी न गंजणारेच घ्यावे. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते आत घट्ट बसते, तेव्हा भिजली तर पुसून वाळवावी.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी पाहाव्यात. पाते उघडून डावी-उजवीकडे हलवावे. खुळखुळले तर परत ठेवावे. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. आणि घरात जो कोणी चाकू वापरणार, त्याला स्वतः उघडायला-मिटायला लावावे; नखाने पाते निघत नसेल, तर तो चाकू त्याचा नव्हे.

यंदा पितृपक्षात चिरंजीव घरी आले. त्यांची कन्या, म्हणजे आमची नात, दहा वर्षांची. ती म्हणाली, “आजोबा, आपण घरी कंदील करू या ना!” मी गप्प बसलो. सौ. आत निघून गेल्या. चिरंजीवच म्हणाले, “बाबा, चला, चाकू घेऊन येऊ. या खेपेला मी बघतो.”

दुकानात त्याने चार चाकू उघडून पाहिले, ते अर्धवट मिटणारे बोट पात्याच्या पाठीवर ठेवून. शेवटी मुलांसाठी केलेला सात नंबरचा ओपिनेल घेतला. टोक गोल, पाते न गंजणारे, कडे फिरणारे. “भोक पाडायला दाभण घेऊ,” तो म्हणाला. मग त्याने दुकानदाराला विचारले, “दगड आहे का?” मी म्हटले, “दगड घरी आहे.”

तो आम्ही ओट्यावरून उचलून घासून काढला. सपाट निघाला. नातीला धार लावायला शिकवले ती रीत इथे देतो. दगड ओला करावा. पात्याची पाठ दगडापासून दोन नाण्यांच्या जाडीइतकी उचलावी आणि कापण्याची बाजू पुढे ठेवून, दगडाचा पापुद्रा काढतो आहोत असे समजून सरकवावे. एका बाजूने दहा वेळा, दुसऱ्या बाजूने दहा वेळा. उचल बदलू देऊ नये. सारे मर्म त्यात आहे. अंगठ्यावर धार पाहू नये, कागदाच्या कडेवर पाहावी. दगड नसेल त्यांनी चिनी मातीचा कप उपडा करावा. त्याच्या तळाची झिलई नसलेली खरखरीत कड वेळेला कामी येते.

कंदील झाला. एक बाजू जराशी कलती आहे, पण टांगल्यावर वाऱ्याने तशीही कलतेच. काम संपल्यावर नातीने कडे फिरवून पाते मिटले आणि चाकू माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. “हातात दिला की भांडण होतं,” ती म्हणाली. मी म्हटले, भांडणाचे माहीत नाही, पण मिटून खाली ठेवलेला चाकू कोणाला लागत नाही एवढे खरे.

दगड उचलून ठेवणार, तोच सौ. आतून आल्या. त्यांनी वडिलांचा चाकू दगडाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, बसलाच आहात, तर यालाही धार लावा.”

तेव्हा ठाण्याच्या भगिनींना उत्तर असे: चाकू अवश्य घ्यावा. लहान, घट्ट आणि साधा घ्यावा. पण त्याबरोबर धारेचा दगड घ्यायचा नसेल, तर चाकूही घेऊ नये.