उपकारस्तुति हातांनीं करावी

कृतज्ञता हा सद्गुण सर्वांच्या तोंडीं आहे, परंतु हातीं फार थोड्यांच्या आहे. कोणी उपकार केला असतां "आभारी आहें" असें म्हणावें, हें आपण लहानपणींच शिकतों. तें शिकणें चांगलें आहे. पण तेवढ्यानें उपकाराचें स्मरण मनांत रुजतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या आभारांसाठीं हात कामास लागले नाहींत, ते आभार जिभेवरून उतरून वाऱ्यावर जातात, असें आमचें मत आहे. या मताच्या पुष्टीकरितां अमेरिकेंतील थँक्सगिव्हिंग, म्हणजे उपकारस्तुतीचा सण, याचें उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवूं इच्छितों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं पाळतात. त्याचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस चारशें वर्षें मागें जावें लागतें. सन १६२० च्या अखेरीस 'मेफ्लॉवर' जहाजांतून आलेल्या इंग्रज लोकांनीं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथ येथें वसाहत केली. जहाजावर १०२ उतारू होते. पहिल्या हिवाळ्यांतच त्यांपैकीं जवळजवळ अर्धे मरण पावले. उरलेल्यांस वसंत ऋतूंत टिस्क्वांटम नांवाचा त्या भूमीचा एक मूळ रहिवासी भेटला. त्याची कथा मन द्रवविणारी आहे. १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्यास फसवून पकडलें व स्पेन देशीं विकावयास नेलें. तेथून सुटून, इंग्लंडमार्गें, १६१९ सालीं तो स्वदेशीं परतला, तों त्याचें सारें गांव सांथीनें नाहींसें झालेलें! त्याच ओसाड गांवाच्या जागीं पुढें या परक्यांनीं आपलीं घरें बांधलीं. तरीहि मका कसा लावावा व खतासाठीं जमिनींत मासे कसे पुरावे, हें त्यानें त्यांस शिकविलें.

१६२१ च्या शरद ऋतूंत पीक हातीं आलें, तेव्हां वसाहतीनें मेजवानी केली. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्यानें त्याच वर्षीं लिहिलेल्या पत्रांत तिची हकीकत आहे. चार माणसें पक्षी मारावयास गेलीं व त्यांनीं एका दिवसांत जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणले. वांपानोआग लोकांचा राजा मॅसॅसॉइट सुमारें ९० माणसांसह आला व तीन दिवस राहिला. त्याच्या माणसांनीं पांच हरणें मारून आणलीं. पाहुणे रिकाम्या हातांनीं आले नाहींत व यजमानहि स्वस्थ बसले नाहींत. आजच्या सणांतील बटाटे त्या पंक्तींत नव्हते, भोपळ्याचें गोड पक्वान्नहि नव्हतें. परंतु जें होतें तें प्रत्येकानें आपल्या श्रमानें आणलें होतें.

या मेजवानीपासून आजचा सण सरळ चालत आला असें मात्र कोणी समजूं नये. न्यू इंग्लंडांतील लोक पुढें वेळोवेळीं उपकारस्तुतीचे दिवस पाळीत. १७८९ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं २६ नोव्हेंबर हा दिवस साऱ्या राष्ट्राकरितां जाहीर केला. पण दरवर्षींचा राष्ट्रीय सण झाला तो एका विधवेच्या चिकाटीमुळें. तिचें नांव सेरा जोसेफा हेल. मेरीच्या कोकराचें जें इंग्रजी गाणें आपलीं लहान मुलें म्हणतात, तें याच बाईंनीं रचलेलें. १८२२ सालीं त्यांस वैधव्य आलें; पदरीं पांच मुलें होतीं. लेखणीवर त्यांनीं संसार चालविला. १८२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'नॉर्थवुड' कादंबरींत त्यांनीं या सणाचें व त्या दिवशींच्या भरल्या मेजाचें वर्णन केलें. पुढें एका स्त्रीमासिकाच्या संपादिका असतां त्यांनीं कित्येक वर्षें संस्थानांच्या गव्हर्नरांस व राष्ट्राध्यक्षांस पत्रें लिहिलीं. शेवटीं १८६३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं अब्राहाम लिंकन यांस लिहिलें. देशांत त्या वेळीं यादवी युद्ध पेटलें होतें. घरोघरीं पुत्रशोक होता. अशा काळीं ३ ऑक्टोबर रोजीं लिंकन यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार उपकारस्तुतीचा म्हणून जाहीर केला. चौथा गुरुवार कायद्यानें ठरला तो १९४१ सालीं. सुबत्तेच्या वेळीं सर्वच आभार मानतात. दुःखाच्या वेळीं मानलेले आभार या सणाच्या पायांत आहेत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां हा सण घरांत कसा पाळला जातो तें पाहूं. त्या दिवशीं दूरदूरचीं मुलें-नातवंडें घरीं येतात, आणि स्वयंपाक हा एकट्या दुकट्याचा उद्योग राहत नाहीं. सहा-सात किलोंची गोठविलेली टर्की थंड कपाटांत सैल होण्यास सुमारें तीन दिवस लागतात, व भट्टींत भाजण्यास तीन-चार तास. म्हणून तयारी सोमवारींच सुरू होते. शिळ्या पावाचे तुकडे करून त्यांत कांदा व सुगंधी पाला घालून सारण करितात. क्रॅनबेरी नांवाचीं दलदलींत पिकणारीं तांबडीं आंबट फळें साखरेच्या पाण्यांत उकळतात. तीं एकामागून एक फटफट फुटूं लागलीं कीं मुलें चुलीभोंवतीं गोळा होतात. लाल भोपळा शिजवून घोटावयाचा, त्यांत अंडीं, दूध, साखर, दालचिनी, सुंठ, जायफळ व लवंग घालावयाची, आणि तें मिश्रण मैद्याच्या पातळ कवचांत भाजावयाचें. हाच प्रसिद्ध 'पंपकिन पाय'. आजोबा टर्की कापतात, आजी कवच लाटते, थोरली मुलें बटाटे सोलतात व घोटतात.

धाकट्यांचें काम मेज सजविण्याचें. लहान मूल कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनें त्याची कड काढतें. आंगठा म्हणजे टर्कीची मान आणि चार बोटें म्हणजे तिचा पिसारा. मग त्या पिसांत रंग भरावयाचा. पाइन वृक्षाचीं वाळलेलीं फळें आणून त्यांचे पक्षी करितात. मक्याच्या कणसाचीं सालें भिजवून, बांधून, त्यांच्या बाहुल्या करितात. ही तर तेथील मूळ रहिवाशांचीच जुनी कला. कित्येक घरीं एक वाळकी फांदी कुंडींत उभी करितात आणि प्रत्येकजण कागदाच्या पानावर आपण कशाबद्दल आभारी आहों तें लिहून तें पान फांदीस बांधतो. ही फांदी आम्हांस फार आवडते, कारण पान कापतां कापतां मुलास विचार करावाच लागतो. "सर्वांबद्दल" असें लिहून सुटतां येत नाहीं. पान लहान असतें आणि शेजारीं बहिणीनें आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांचें नांव लिहिलेलें असतें.

यावर कोणी म्हणतील, आतां एवढी खटपट कशाला? अमेरिकेंत संपूर्ण जेवण शिजवून, बांधून दुकानांत विकत मिळतें. शोभेच्या वस्तु तर ढिगांनीं मिळतात. खरेंच आहे. सणाच्या दुसऱ्याच दिवशीं, शुक्रवारीं, स्वस्त मालासाठीं दुकानांपुढें झुंबड उडते. आदल्या दिवशीं "आम्हांस पुष्कळ मिळालें" असें म्हणणारेच त्या गर्दींत असतात. मॅसॅच्युसेट्समध्यें त्या गुरुवारीं बहुतेक दुकानें बंद ठेवण्याचा कायदा अद्याप आहे, तो आम्हांस शहाणपणाचा वाटतो. विकत घेणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यानें एकदां कणीक मळली, त्यासच पोळीची किंमत कळते. ज्या मुलानें कधीं कांहीं केलेंच नाहीं, त्यास आभार कशाचे मानावे हें कळावें तरी कसें?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आमच्या मातांचा आहे. "घरीं करा" असें उपदेशकानें म्हणावें आणि चुलीपाशीं आम्हीं राबावें, हाच याचा अर्थ नव्हे काय? या आक्षेपास १६२१ चीच साक्ष आहे. त्या शरद ऋतूपर्यंत वसाहतींत प्रौढ विवाहित स्त्रिया अवघ्या चार उरल्या होत्या. सुमारें ५० इंग्रज व ९० पाहुणे यांच्या तीन दिवसांच्या पाकसिद्धीचा मोठा भार त्यांच्यावर व हाताखालच्या मुलींवर पडला असला पाहिजे; परंतु मेजवानीच्या हकीकतींत त्यांचा उल्लेखहि नाहीं! म्हणून आम्ही मुलग्यांस स्पष्ट सांगतों कीं, जी उपकारस्तुति आईच्या एकटीच्या पाठीवर उभी आहे ती उपकारस्तुति नव्हे. आभार मानावयाचे त्या दिवशीं तिनेंच घाम गाळावा व तुम्हीं पाटावर बसून आयतें जेवावें, हें शोभत नाहीं. भाजी चिरणें, भांडीं घासणें, अंगण झाडणें हीं कामें मुलग्यांच्या हातांनाहि येतात.

आणखी एका गोष्टीविषयीं मौन पाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांनीं मका लावावयास शिकविलें, त्यांचें पुढें काय झालें? मॅसॅसॉइटच्या पश्चात् १६७५-७६ सालीं त्याचा पुत्र मेटाकॉम व इंग्रज यांच्यांत घोर युद्ध झालें; मेटाकॉम मारला गेला, आणि त्या पक्षाचे कित्येक कैदी गुलाम म्हणून परदेशीं विकले गेले. म्हणून १९७० सालापासून मूळ रहिवाशांचे वंशज याच गुरुवारीं प्लिमथ येथील टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. देवाचे आभार मानावयाचे आणि ज्याच्या हातून त्यानें अन्न दिलें त्यास विसरावयाचें, हें मोठें कृतघ्नपण होय. पंजाच्या टर्कीबरोबर मुलास टिस्क्वांटमची पुरी कथा सांगितली, तरच त्या कलाकृतीचें सार्थक झालें.

या दूरच्या सणाशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. याच मॅसॅच्युसेट्स प्रांतांत जन्मलेले गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस आले व अमेरिकन मराठी मिशनाचा पाया घातला गेला. १८३१ सालीं त्या मिशनाचें काम अहमदनगरास सुरू झालें, आणि आपल्या कित्येकांच्या आज्या-पणज्या ज्या शाळांत वाचावयास शिकल्या त्या या कार्यांतून निघाल्या. आणि उपकारस्तुतीचा दिवस आपल्या मंडळ्यांसहि परका नाहीं. कापणीच्या सणास गांवोगांवचे शेतकरी ज्वारी-बाजरीचीं कणसें, भाजी, अंडीं, कोंबडी घेऊन मंदिरांत येतात. त्यांत जी बाई स्वतःच्या परसांतला एक भोपळा उचलून आणते, तिचें अर्पण आम्हांस फार मोलाचें वाटतें. बैलपोळ्यास बैलाचीं शिंगें रंगवून त्यास पुरणपोळी भरविणारा आमचा शेतकरी बंधु हेंच तत्त्व जाणतो.

तेव्हां, विद्यार्थ्यांनो, येत्या कापणीच्या सणास बाजारांतील पिशवी आणूं नका. कुंडींत मेथी पेरा. ती महिन्याभरांत येते. कागदाचें एक पान कापून त्यावर ज्यानें तुम्हांस कांहीं शिकविलें त्याचें नांव लिहा. तो शिपाई असो, शेजारी असो, कीं भाकरी थापणारी आजी असो. आणि पालकहो, नाताळच्या करंज्या विकत आणण्यापूर्वीं निदान एक ताट घरीं करा, आणि त्या वेळीं मुलांस स्वयंपाकघराबाहेर घालवूं नका. करंजीची कड वांकडी होईल, सारण सांडेल, वेळ दुप्पट लागेल. तरी त्या मुलाच्या तोंडून मग जें "आभारी आहें" निघेल, त्यास पिठाचा वास असेल. आणि तसे आभार देवास व मनुष्यास दोघांसहि रुचतील, अशी आमची खात्री आहे.