नांवें तीन, औषध एक

आमचे ब्रॉयलर पाळणारे बंधु रक्ती हगवणीवर, म्हणजे कॉक्सिडिओसिसवर, खाद्यांतून द्यावयाच्या औषधांची तुलना बहुधा दरावरून करितात. आम्हीही तसेंच केलें. लागोपाठ तीन तुकड्यांना तीन नांवांचीं औषधें दिलीं व औषध बदलल्याचें समाधान मानिलें. तिसऱ्या तुकडींत पिलें पंख पाडून बसूं लागलीं, विष्ठेंत रक्त दिसलें, तेव्हां रिकाम्या पिशव्यांवरील बारीक अक्षरें वाचिलीं. तिहींत एकच सॅलिनोमायसिन, टनामागें ६० ग्रॅम! महसुली दप्तरांत आमचा जन्म गेला. एकाच गटाचे दोन उतारे कधीं नजरेंतून सुटले नाहींत, आणि येथें मात्र नांवाला भुललों.

तुलना करावयाची ती औषधाच्या जातीची. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन हीं आयनोफोर वर्गांतलीं. तीं जंतूंचा पुरा नाश करीत नाहींत. थोडे उरतात, व त्यांमुळें पिलांच्या अंगीं प्रतिकारशक्ति येते. मोनेन्सिन अमेरिकेंत १९७१ सालीं चालू झालें, तें अद्याप वापरांत आहे. डायक्लाझुरिलसारख्या रासायनिक औषधांचा मारा जबर, परंतु तेंच तें चालू ठेविल्यास जंतु लवकर सरावतात. नायकार्बाझिनही गुणाचें, पण त्यानें कोंबडीस उष्मा अधिक बाधतो. वैशाखांत तें देणें म्हणजे आपण होऊन मर ओढवून घेणें. सुरुवातीच्या खाद्यांत रासायनिक व पुढें आयनोफोर, आणि कांहीं तुकड्यांनंतर फेरपालट, ही रीत आम्हांस पटते. पिकांची फेरपालट करणाऱ्यास ती निराळी शिकवावी लागूं नये.

आयनोफोरचें उरलेलें खाद्य घोड्यापुढें कदापि टाकूं नये. कोंबडीस मानवणारी मात्रा त्याच्या जिवावर बेतते. टायम्युलिन चालू असतां सॅलिनोमायसिन दिल्यास कोंबड्याही लुळ्या पडतात. पाण्याच्या भांड्यांभोंवतीं तुसाची गादी ओली राहिली, तर विष्ठेंतील बीजांडें दोन दिवसांत पक्व होतात. मग कोणत्याही औषधास बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

करारावर पक्षी वाढविणाऱ्यांस खाद्य कंपनीकडून येतें, आणि त्यांत काय आहे हें विचारण्याची त्यांस भीड वाटते. भीड कसली? तुकडी बिघडली तर मोबदला त्यांचाच घटतो. आपल्या संघानें तरी खाद्याच्या प्रत्येक पावतीवर औषधाचें मूळ नांव व टनामागील प्रमाण लिहून द्यावें, अशी आमची सूचना आहे. आम्ही आतां प्रत्येक तुकडीच्या वहींत पिशवीवरील चिठ्ठीच डकवून ठेवतों.